घशात काही अडकलेलं नसतं

वाचकांचे प्रश्न, जनावरांच्या डॉक्टरची उत्तरं

मागच्या अंकात मी खुरांवर लिहिलं आणि टपाल आलं ते डोक्याचं. म्हैस पिसाळली, मेंढी गोल फिरते, शेळीचा एकच कान पडला, बैल लाकडासारखा ताठला. संपादकांनी अठरा पत्रं पाठवली आहेत, त्यातली सहा इथं घेतो. बाकीच्यांना पोस्टकार्डं टाकली आहेत. कुणाचंच नाव छापत नाही. पिसाळलेल्या म्हशीचं दूध कोणत्या घरातून गेलं हे एकदा चावडीवर कळलं, की पुढं वर्षभर त्या घरचं दूध कुणी रतीबाला लावत नाही. हे मी माझ्या नोकरीत दोनदा पाहिलंय.

प्रश्न (कंधार तालुका) : आमच्या म्हशीला आषाढात भटक्या कुत्र्यानं मागच्या पायाला चावा घेतला. हळद-तेल लावलं, आठ दिवसांत जखम भरली. भादव्यात ती एकाएकी रेकायला लागली, वैरण सोडली. माजावर आली असं वाटलं. दुसऱ्या दिवशी लाळ गळायला लागली, गिळता येईना. घशात काही अडकलंय का म्हणून आम्ही दोघा भावांनी हात घालून बघितलं. चौथ्या दिवशी मेली. तिचं दूध तीन घरी जात होतं, आणि गणपतीच्या जेवणाला कढी झाली ती तिच्याच ताकाची. आता साठेक माणसं इंजेक्शनसाठी दवाखान्यात जाऊन उभी राहिली आहेत. लोक आमच्याशी बोलत नाहीत. काय करावं?

उत्तर : पत्राखाली फोन नंबर होता, म्हणून पत्र उघडलं त्याच दुपारी फोन केला. दोघा भावांची लस सुरू झाली आहे, आता जिवाला घोर नाही. पुढचं उत्तर बाकीच्या वाचकांसाठी.

त्या साठ माणसांपेक्षा खरी गरज होती ती या दोघांना. आणि फोनवर कळलं की तेच दोघं रांगेत नव्हते. ‘आम्हाला कुठं चावलीय?’ म्हणे. चावायची गरजच नसते. रेबीजचा, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाचा, विषाणू लाळेत असतो. शेतकऱ्याच्या हाताला कडब्याचं धस, खुरप्याचा चरा, फुटलेली नखुरडी यातलं काही ना काही असतंच. लाळ लागली आणि कातडी फाटलेली असली, की तो चावाच धरायचा. तोही तिसऱ्या वर्गातला, म्हणजे सगळ्यात धोक्याचा.

हात घालण्याचा मोह मला चांगला ठाऊक आहे, कारण मी स्वतः घातलाय. १९८७ सालची गोष्ट. नोकरीला चार वर्षं झालेली, अंगात मस्ती. कंधारकडच्याच एका वाडीवर लालकंधारी बैल. मालक म्हणाला, “सायेब, पानी गिळंना झालाय. उसाचं कांडकं आडकलंय बघा.” वाडीवर ऊस होता, बैल मोकळा सुटला होता, सगळं जुळत होतं. मी बाही वर केली, जीभ बाजूला धरली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. कांडकं नव्हतं. पण एक गोष्ट हाताला कळली. जीभ ओढून घेत नव्हता. निरोगी बैलाची जीभ धरून बघा, तो ती मासोळीसारखी सोडवून घेतो. ही ओल्या फडक्यासारखी माझ्या मुठीत पडून होती. हात बाहेर काढला तेव्हा तो ओरडला. तो हंबरडा नव्हता, फुटक्या पिपाणीतून वारा निघावा तसा घोगरा, तुटका आवाज होता. ओसरीवर बसलेली म्हातारी तिथूनच म्हणाली, “त्या पिसाळल्या कुत्र्याला मारून दीड महिना झाला की रं.” त्या कुत्र्यानं जाता जाता बैलालाही फाडलं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं.

रेबीजचा विषाणू चाव्याच्या जागेवरून मज्जातंतूच्या वाटेनं मेंदूत जातो. म्हणून जखम भरून येते, आपण विसरतो, आणि कधी तीन आठवड्यांनी, कधी तीन महिन्यांनी तो उगवतो. मेंदूतून पुन्हा नसांच्याच वाटेनं लाळेच्या ग्रंथीत उतरतो. घसा आणि जबडा लुळा पडतो म्हणून लाळ गिळता येत नाही, आणि बघणाऱ्याला वाटतं काहीतरी अडकलंय. म्हैस रेकते, दुसरीवर चढते, सारखी लघवीला आणि शेणाला कुंथते, म्हणून घरचे म्हणतात माजावर आली. हळूहळू मागचा भाग ढळतो, बसते, उठत नाही. बहुतेक आठवड्याभरात कारभार आटोपतो. लक्षणं दिसल्यावर औषध नाही. ना सरकारी, ना खाजगी, ना बाबाचं.

आणि एक भ्रम. ‘पाणी पितीय म्हणजे पिसाळलेली नाही’ असं गावोगाव म्हणतात. पाण्याची ती भीती माणसाच्या रेबीजमध्ये दिसते. गुरं पाण्यात तोंड घालतात, पिण्याचा प्रयत्न करतात, पण गिळता येत नसल्यानं पाणी परत बादलीत पडतं. पाण्यावरून परीक्षा करू नका.

मला तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली. ती लस मेंढीच्या मेंदूपासून बनायची. डेव्हिड सेम्पल नावाच्या ब्रिटिश डॉक्टरनं १९११ साली कसौलीला काढलेली पद्धत आपल्याकडं २००४ संपेपर्यंत चालू होती. दुसऱ्या प्राण्याचा मेंदू टोचल्यावर एखाद्याच्या स्वतःच्याच नसांवर सूज येऊन हातपाय लुळे पडायचे. जुनी माणसं कुत्र्याच्या इंजेक्शनला घाबरतात ते उगीच नव्हे. पण ती लस इतिहासजमा झाली. आताची पेशींवर वाढवलेली आहे. कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दंडात खोल दिली तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. जखम तिसऱ्या वर्गातली असेल तर जखमेतच आणखी एक औषध भरतात. त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. हे नाव दवाखान्यात आपण होऊन काढा. गर्दीत राहून जातं.

आता दूध. उकळलेल्या दुधातून, चहातून, त्या दुधाला विरजण लावून केलेल्या दह्याताकातून रेबीज होत नाही. उष्णतेत हा विषाणू टिकत नाही. तुमच्या घरी दूध तापवूनच विरजण लावतात ना? मग त्या कढीनं कुणाला काही होणार नाही, आणि कढी पुन्हा उकळलेली होती. कच्चं दूध प्यायल्यानं माणसाला रेबीज झाल्याचंही सिद्ध झालेलं नाही, पण पिसाळलेल्या जनावराचं कच्चं दूध पिऊ नये हे खरंच. धार काढता काढता कुणी कच्चं प्यायलं असेल तर त्यानं डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं, ते ठरवतील. धार काढणारीच्या हातावर लाळ उडाली असेल तर तिचा नंबर भावांच्या बरोबरीनं. औषध पाजणारा, दावं सोडणारा, तोंड धरणारा यांची यादी करा. सात-आठ नावं निघतील, साठ नाही. ती यादी घेऊन सरपंचांकडं जा. लोकांचा अबोला दूध-कढीवरून आहे, तो याच यादीनं सुटेल.

मेलेलं जनावर फाडायचं नाही, कातडं काढायचं नाही. खोल खड्डा, वर चुना. निदान पक्कं करायचं असेल तर पुरायच्या आधी पशुवैद्यकाला बोलवा. मेंदूचा नमुना बर्फात घालून पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागाकडं पाठवता येतो. इटालियन डॉक्टर नेग्रीनं १९०३ साली पिसाळलेल्या जनावरांच्या मेंदूपेशीत जे ठिपके पाहिले, ते आम्ही कॉलेजात सूक्ष्मदर्शकाखाली शोधायचो. आता चकाकणाऱ्या रंगाची चाचणी असते, ती जास्त भरवशाची.

त्याच कुत्र्यानं वस्तीवरची आणखी जनावरं चावली होती का, हे आज विचारून घ्या. चावलेल्या जनावराची जखम पंधरा मिनिटं वाहत्या पाण्यात साबणानं धुवायची, आणि लस ०, ३, ७, १४, २८ व्या दिवशी. धुणाऱ्यानं हातात मोजे घालावेत, नसतील तर प्लास्टिकच्या पिशव्या. साबणाला हसू नका. या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणानं विरघळतं. तिखट, चुना, बिब्बा यांनी जखम पोळते, विषाणू मात्र आत जातो.

प्रश्न (उदगीर, बारावीचा विद्यार्थी) : इंग्रजी पुस्तकात ‘मॅड काऊ डिसीज’ वाचलं. मॅड म्हणजे वेडी, पिसाळलेली. मग हे आणि आपलं पिसाळणं एकच ना? आमच्या देवणी गायीला होऊ शकतं का?

उत्तर : नाव सारखं, बाकी काही सारखं नाही, बाळा. पण प्रश्न झकास आहे, कारण मराठी वर्तमानपत्रांनीही १९९६ साली हाच घोळ घातला होता.

रेबीज विषाणूनं होतो. मॅड काऊचा कर्ता विषाणू नाही, जिवाणू नाही, बुरशी नाही. ते एक प्रथिन आहे, आणि तेही परकं नव्हे. गायीच्या मेंदूत मुळात असलेलंच, फक्त वाकडी घडी पडलेलं. त्याला प्रायॉन म्हणतात. आईला विचार, दुधात विरजण टाकल्यावर काय होतं. चमचाभर दही पातेलंभर दुधाला आपल्यासारखं करतं. वाकडं प्रथिन सरळ प्रथिनाला टेकलं की तेही वाकडं होतं, मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. दाखला इथंच सोडायचा, कारण विरजणात जिवंत जंतू असतात आणि प्रायॉनमध्ये जिवंत असं काहीच नाही. उकळलं तरी ते मरत नाही. मरायला आधी जगावं लागतं! शरीरालाही ते परकं वाटत नाही, म्हणून ताप येत नाही, प्रतिकार होत नाही. मेंदूला भोकं पडत जातात, स्पंजासारखी. स्टॅन्ली प्रुसिनर या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९८२ साली हे मांडलं तेव्हा कित्येकांनी त्याला उडवून लावलं. १९९७ साली त्याला नोबेल मिळालं.

ब्रिटनमध्ये १९८६ च्या नोव्हेंबरात हा रोग ओळखला गेला. कारण खाद्यात सापडलं. कत्तलखान्यातल्या उरल्यासुरल्या मांस-हाडांची भुकटी प्रथिन म्हणून गायींनाच चारत होते. गवत खाणाऱ्या जनावराला त्याच्याच जातीचं मांस. १९८८ च्या जुलैत त्यावर बंदी आली, पण हा रोग अंगात चार-पाच वर्षं मुरतो, त्यामुळं बंदीनंतरही गायी पडत राहिल्या. एकट्या ब्रिटनमध्ये १ लाख ८० हजारांहून जास्त. २० मार्च १९९६ ला तिथल्या सरकारनं संसदेत कबूल केलं की हे माणसातही आलेलं दिसतं. त्या मानवी रोगानं ब्रिटनमध्ये १७८ माणसं गेली, त्यात तरुण बरेच.

गोठ्यात फरक कसा ओळखायचा? दिवस मोजायचे. पिसाळलेली गाय आठवडा-दहा दिवसांत जाते. मॅड काऊची गाय कित्येक आठवडे, महिने झिजते. धार काढताना लाथा झाडते, दार ओलांडायला बिचकते, हात लावला की दचकते, मागचे पाय ढळतात. चावायला धावत नाही. तिची लाळ लागून कुणाला होत नाही, आणि दुधातून पसरल्याचंही दिसलेलं नाही.

आता तुझी देवणी. तिच्या गव्हाणीत कडबा आणि सरकी पेंड आहे, हाडांची भुकटी नाही. मांस-हाडांची भुकटी दुभत्या जनावराच्या खाद्यात घालायला आपल्या कायद्यानं मनाई आहे. जागतिक पशुआरोग्य संघटनेनं २०१० साली भारताला या रोगाचा नगण्य धोका असलेल्या देशांत घातलं. तेव्हा निवांत राहा. मात्र प्रायॉन आपल्याकडं कधी दिसलाच नाही असं नको समजू. मेंढ्यांमध्ये याचाच एक भाऊबंद असतो, स्क्रेपी. मेंढी कुंपणाला अंग घासून घासून लोकर झडवते. हिमालयाच्या पायथ्याच्या मेंढ्यांत तो आढळल्याची नोंद १९६१ सालची आहे. उत्तर अमेरिकेत हरणांना होतो तो वेगळा, तो १९६७ पासून माहीत आहे आणि अजून पसरतोय.

बारावीनंतर पशुवैद्यकीकडं येणार असशील तर कॉलेज तुझ्या गावातच आहे.

प्रश्न (भूम तालुका, मेंढपाळ) : चार महिन्यांची तीन कोकरं आणि एक वरसाची मेंढी कळप सोडून एकाच जागी गोल गोल फिरत्यात. मान एका अंगाला. खात्यात, पण बारीक झाली. देवाचं केलं, उतारा टाकला. एक कापली तर मेंदूत पाण्याचं फुगं निघालं. हे पिसाळणं हाय का?

उत्तर : नाही मामा, पिसाळणं नव्हे. आणि निदान तुम्हीच केलंत, मी फक्त नाव सांगतो. तो पाण्याचा फुगा म्हणजे कुत्र्याच्या पोटातल्या पट्टकृमीचं पिल्लू. फुगा फोडला नसता तर त्याच्या पातळ कातडीच्या आतून तांदळाच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके दिसले असते. ती एकेक कणी म्हणजे पुढच्या जंताचं एकेक डोकं.

हे चक्र तुमच्या वाड्यावरच फिरतंय. मेंढी मेली की मुंडकं कुणाला जातं? चांगल्या बोकडाची मुंडी आपण पाटा-वरवंट्यावर मसाला वाटून खातो, आजारी मेंढीची मुंडी मात्र राखणीच्या कुत्र्यापुढं टाकतो. तिथं चूक होते. कुत्रं मेंदूसकट फुगा खातं, त्याच्या आतड्यात जंत वाढतो, अंडी विष्ठेतून रानात पडतात, आणि तीच कुत्री तुमच्या कळपाबरोबर त्याच गवतावर हिंडतात. कोकरू गवत खातं, अळी रक्तातून मेंदूत जाते, आणि पुढच्या काही महिन्यांत तिचा फुगा कोंबडीच्या अंड्याएवढा होतो. ज्या अंगाला फुगा, बहुतेक त्याच अंगाला मेंढी फिरते. कित्येकदा विरुद्ध बाजूच्या डोळ्यानं तिला दिसेनासं होतं. बोट डोळ्याजवळ न्या, पापणी लवते का बघा.

शिंगाच्या मागं, टाळूवर अंगठ्यानं हळूच दाबून बघा. फुगा वर आलेला असेल तर हाड पातळ होऊन लवचिक लागतं, पत्र्याच्या डब्याचं झाकण दाबल्यासारखं. पहिल्यांदा माझ्या अंगठ्याखाली ते दबलं तेव्हा मीच हात मागं घेतला होता. अशा मेंढीची कवटी उघडून फुगा अख्खा काढता येतो आणि ती पुन्हा चरायला लागते. हे काम मात्र परभणी किंवा उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयातच दाखवा, वाड्यावर ब्लेडनं करू नका. उरलेल्या तीन जनावरांचा खर्च परवडणार नाही म्हणाल, तर जातिवंत असेल तिच्यापुरता करा.

खरं औषध कुत्र्याला. प्राझिक्वांटेल नावाची गोळी, वजनाप्रमाणं, दर दीड-दोन महिन्यांनी, वाड्यावरच्या एकूण एक कुत्र्याला. गोळी दिल्यावर दोन दिवस कुत्रं बांधून ठेवा आणि विष्ठा पुरा. मुंडकी जाळा किंवा खोल गाडा. आणि ती कुत्री आणायचीच असतील दवाखान्यात, तर त्याच खेपेला रेबीजची लस टोचून घ्या. मेंढपाळाचं कुत्रं लांडग्याशी, कोल्ह्याशी भिडतं.

प्रश्न (औसा तालुका, बचत गटातील महिला) : गटाच्या बावीस उस्मानाबादी शेळ्या आहेत. उन्हाळ्यात मक्याचा मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) पिशव्यांत भरला. आता तीन शेळ्यांचा एकच कान लोंबतो, एका बाजूचा ओठ पडलाय, त्या बाजूनं लाळ आणि चघळलेला चारा गळतो. एक गोल फिरून दोन दिवसांत मेली. दुसरी गाभडली.

उत्तर : ताई, पिशवीच्या तोंडाशी जाऊन वास घ्या. मी औशाच्या डॉक्टरांशी बोललो आहे, ते येतील, पण वास तुम्हीच घ्या. मुरलेला मुरघास आंबूस-गोड लागतो, रंग पिवळसर हिरवा. तुमच्या पिशवीला उंदरानं भोक पाडलं असेल किंवा भरताना पायानं नीट तुडवली नसेल, तर तिथं हवा शिरून काळा चिकट थर आणि बुरशी असेल. चांगल्या मुरघासाचा सामू (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४ च्या आसपास असतो. तो ५ च्या वर गेला की लिस्टेरिया नावाचा जिवाणू त्यात मजेत वाढतो. शेळीच्या हिरडीला खरचटलेलं असतं, तिथून तो चेहऱ्याच्या नसेत शिरतो आणि नसेनंच मेंदूच्या देठापर्यंत चढतो. एका अंगाची नस गेली, म्हणून एकाच अंगाचा कान, ओठ, पापणी.

हा रोग बरा होतो, पण फक्त सुरुवातीला. पेनिसिलिन किंवा ऑक्सिटेट्रासायक्लिन भरपूर मात्रेत, दिवस न दवडता. शेळी दोन-चार दिवसांत जाते, गायीसारखा अवधी देत नाही. गोल फिरून आडवी पडलेली शेळी सहसा वाचत नाही, तिच्यावर गटाचा पैसा घालू नका. उरलेल्यांवर घाला. ती पिशवी आजच बंद. बंद केल्यावरही दोन-तीन आठवडे एखादी नवी शेळी पडू शकते, कारण जिवाणू आधीच नसेत चढलेला असतो. मुरघास वाईट म्हणून सोडून देऊ नका. दुष्काळात त्यानंच जनावरं जगवलीत. खराब थर काढून फेकायचा आणि उघडलेली पिशवी रोज वापरून लवकर संपवायची.

गटात कुणी गरोदर असेल तर तिनं गाभडलेल्या शेळीची वार, मेलेलं करडू यांना हात लावू नये, कच्चं दूध पिऊ नये. हा जिवाणू बायकांचाही गर्भ पाडतो. आणि तोंडात हात? शेळीच्या गालात चारा साचलेला दिसला तरी मोज्याशिवाय नाही. कान पडलाय तो लिस्टेरियानं की रेबीजनं, हे पहिल्या दिवशी मलाही खात्रीनं सांगता येत नाही.

प्रश्न (वसमत) : खुराला पत्री (लोखंडी नाल) मारल्यावर बारा दिवसांनी बैल ताठला. शेपूट वर, कान ताठ, तोंड उघडेना, पोट फुगलंय.

उत्तर : धनुर्वात. हनुवटीखाली टिचकी मारा, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पांढरा पडदा सर्रकन येऊन गेला की शंका उरत नाही. पत्रीचा खिळा खोल गेला आणि भोकात माती बसली. अंधाऱ्या, शांत जागी बांधा, ट्रॅक्टर लांब लावा, खिळ्याची जागा डॉक्टरांकडून उघडून धुऊन घ्या. धनुर्वातविरोधी सिरम मिळेल तेवढ्या लवकर. ते महाग आहे आणि पैसे घालूनही सगळे बैल उठत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.

प्रश्न (नाव, गाव नाही) : मी कॉलेजात शिकते. वीस दिवसांपूर्वी गल्लीतल्या पिल्लाशी खेळताना ते बोटाला चावलं. दात थोडा रुतला. चौथ्या दिवशी पिल्लू मेलं. घरी सांगितलेलं नाही, रागावतील. आता इतके दिवस झाले, इंजेक्शनचा उपयोग होईल का?

उत्तर : होईल. आजच जा. लक्षणं नसतील तोवर उशीर झाला असं कधीच नसतं, वीस दिवसांनीही नाही, दोन महिन्यांनीही नाही. मी वर लिहिलं तसं तो नसेच्या वाटेनं हळूहळू जातो, आणि त्याच्या आधी पोचायला अजून जागा आहे. चावलेला कुत्रा दहा दिवस जिवंत आणि धडधाकट राहिला असता तर गोष्ट वेगळी होती. हे पिल्लू चौथ्या दिवशी मेलं, म्हणून ते पिसाळलेलं होतं असंच धरायचं. बोटाला नसा दाट असतात, हेही लक्षात घ्या.

सरकारी दवाखान्यात लस फुकट आहे. आईवडील बरोबर नसले तरी देतात. खिडकीवर एवढंच म्हणा : ‘पिल्लू चावलं, दात रुतला, पिल्लू चौथ्या दिवशी मेलं.’ पुढचं त्यांना कळतं. जखम बुजली असली तरी इम्युनोग्लोब्युलिनचं विचारा. एकटीला धीर होत नसेल तर मैत्रिणीला न्या. घरी सांगायचं काम पहिलं इंजेक्शन झाल्यावर करा, आणि हे पान दाखवा. रागावले तर माझ्यावर रागावू द्या.

पत्राच्या पाकिटावरचा शिक्का पुसट आहे. भिंग लावून ‘...गाव’ एवढंच वाचता आलं. नायगाव, माजलगाव, सोनगाव, काहीही असू शकतं. नायगाव आणि माजलगावच्या डॉक्टरांना मी फोन करून ठेवलाय, की कॉलेजातली मुलगी अशी गोष्ट घेऊन आली तर प्रश्न न विचारता लस सुरू करा. तुमचं गाव दुसरं असेल तर मासिकाच्या पत्त्यावर एक कोरं पोस्टकार्ड टाका. नाव नको. त्यावर फक्त तारीख लिहा, पहिल्या इंजेक्शनची.